फडताळातील चित्रपट आणि दोन याद्या

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात काचेच्या दारांची दोनच फडताळे होती. त्यांची किल्ली एका निवृत्त शिक्षकांकडे असे. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. पुस्तक मागायला आलेल्या मुलाला ते लगेच पुस्तक देत नसत. मागच्या आठवड्यात काय वाचले ते आधी विचारीत आणि मग स्वतःच्या हाताने एखादे पुस्तक काढून म्हणत, "हे ने. आवडले नाही तर परत आण. पण का आवडले नाही ते मला सांगावे लागेल." शिफारस म्हणजे काय, हे मला त्या शब्दांतून कळले. शिफारशीत आज्ञा नसते. विश्वास असतो, आणि पुढे घडायच्या संभाषणाचे आमंत्रण असते.

चित्रपटांच्या बाबतीत मात्र असा कोणी मास्तर आमच्या वाट्याला आला नाही. तेथे घरोघर एकच शब्द ऐकू येई : 'नको'. काय पाहू नये याविषयी वडीलधाऱ्यांचे मत पक्के असे. काय पाहावे, असे विचारले की मात्र सारे गप्प होत. त्यामुळे आम्ही जे मिळाले ते पाहिले, बरेचसे लपून पाहिले, आणि पाहिलेल्याविषयी कोणाशी बोललो नाही.

चित्रपटाला ग्रंथाप्रमाणे फडताळात जागा द्यावी काय, आणि दिली तर वाचकाच्या हाती कोणता द्यावा, हा प्रश्न चित्रपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला दोन उत्तरे मिळाली. एक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून १९८९ साली आले, तर दुसरे १९९५ साली व्हॅटिकनमधून. दोन्ही उत्तरे याद्यांच्या रूपात होती. या याद्या कोठून आल्या, हे जाणून घेण्यासारखे आहे.

कागदावर वाचलेले चित्रपट

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रे दाखविली, आणि ७ जुलै १८९६ रोजी तीच चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली. या घटनेला तीन वर्षेही झाली नव्हती, तोच बोलेस्लाव मातुशेव्स्की या पोलिश छायाचित्रकाराने १८९८ साली पॅरिसमध्ये एक पुस्तिका छापली. हलती चित्रे हे इतिहासाचे नवे साधन आहे, म्हणून दप्तरखान्यात कागदपत्रे जपतात तशी ती जपली पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. त्या काळी चित्रपट म्हणजे जत्रेतला खेळ समजला जाई. मातुशेव्स्कीचे म्हणणे मनावर घेणारे थोडेच निघाले.

अमेरिकेत मात्र नकळत एक चमत्कार घडला. तेथील कायद्यात १९१२ पर्यंत चित्रपटाच्या स्वामित्वहक्काची तरतूदच नव्हती, छायाचित्राची होती. म्हणून निर्माते चित्रपटातील प्रत्येक चित्र कागदाच्या लांब गुंडाळीवर छापून घेत आणि ती गुंडाळी छायाचित्र म्हणून 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'कडे नोंदवीत. एडिसनच्या कार्यशाळेतील फ्रेड ऑट या कामगाराची शिंक १८९४ साली अशीच कागदावरून नोंदली गेली. कायदा बदलताच ही पद्धत संपली आणि तीन हजारांहून अधिक गुंडाळ्या ग्रंथालयात धूळ खात पडल्या. पुढे केम्प नायव्हर या तंत्रज्ञाने त्या कागदांवरून पुन्हा फिती तयार करण्याची रीत शोधली. तिच्यासाठी १९५५ साली त्याला खास ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या काळातील मूळ फिती बहुतांशी नाहीशा झाल्या आहेत; कागद तेवढा उरला.

मूळ फिती नाहीशा होण्याचे मोठे कारण त्यांच्या घडणीतच होते. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर छापले जात. ही फीत चटकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी कालांतराने चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट जपण्यात निर्मात्याला फायदा दिसत नसे. फितीतील चांदी काढून विकणे त्याला परवडे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत निघालेल्या जवळजवळ अकरा हजार मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात अवघे १४ टक्के उरले आहेत. आपल्याकडची स्थिती याहून वाईट आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम अडीच-तीन डझन राहिले आहेत आणि तेही बरेचसे अपुरे. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, परंतु त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

'पाहू नका'ची यादी

जपणुकीचा विचार असा मंद गतीने चालला असताना निवडीचा विचार मात्र वेगळ्याच दिशेने जात होता. चित्रपटाची ताकद ख्रिस्तसभेने लवकर ओळखली होती. १९२८ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटना स्थापन झाली. अमेरिकेत १९३४ पासून 'लीजन ऑफ डीसेन्सी' या चळवळीने मोठा जोर धरला. लक्षावधी भाविकांनी चर्चमध्ये उभे राहून अनुचित चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली. चित्रपटांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले जात. 'क' म्हणजे निषिद्ध. या याद्या चर्चच्या दाराशी लावीत.

२९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी चित्रपटावर एक विश्वपत्र प्रसृत केले. त्यात या चळवळीचे कौतुक होते आणि प्रत्येक देशात चित्रपट-परीक्षणाचे कार्यालय असावे, असे सुचविले होते. मात्र चांगला चित्रपट माणसाला उन्नत करू शकतो, हेही त्या पत्रात स्पष्ट म्हटले होते. दुर्दैवाने व्यवहारात पहिली बाजू भरभर रुजली आणि दुसरी मागे पडली.

निषेधाच्या यादीची मर्यादा कोठे आहे, हे रोबेर्तो रोस्सेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या उदाहरणावरून दिसते. त्याचा 'द मिरॅकल' हा लघुचित्रपट १९५० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लागला. एक भोळी गवळण आपल्याला झालेली गर्भधारणा दैवी समजते, अशी त्याची कथा. लीजनने तो निषिद्ध ठरविला, निदर्शने झाली आणि परवाना रद्द झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. चित्रपटालाही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निकाल १९५२ साली लागला. याच रोस्सेलिनीने नाझी अमलाखालच्या रोममध्ये छळाला बळी पडणाऱ्या धर्मगुरूचे चित्र 'रोम, ओपन सिटी'मध्ये रंगविले होते आणि संत फ्रान्सिस व त्याच्या सोबत्यांवर १९५० साली अतिशय निर्मळ चित्रपट काढला होता. एका चित्रपटावरून माणसाचा हिशेब मांडणे किती अवघड असते!

पुढे वारे बदलले. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर विश्वपत्र लिहिले. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी व्हॅटिकनचे चित्रपट-ग्रंथालय स्थापन केले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र निर्णयपत्र संमत केले. हे चित्रपट-ग्रंथालय मला महत्त्वाचे वाटते. जी संस्था एखादी वस्तू जपू लागते, ती तिच्याकडे केवळ संशयाने पाहत नाही.

दोन याद्या

१९८० च्या दशकात अमेरिकेत एक वेगळेच संकट उभे राहिले. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाच्या साहाय्याने रंग फासून ते दूरचित्रवाणीवर दाखविण्याची टूम निघाली. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चा नायक जेम्स स्ट्युअर्ट याच्यासह अनेक कलावंतांनी तिचा निषेध केला. त्या वादातून १९८८ चा राष्ट्रीय चित्रपट-जतन कायदा जन्मला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख ग्रंथपालाने दरवर्षी २५ चित्रपट राष्ट्रीय नोंदवहीत घ्यावेत, असे या कायद्याने ठरविले. चित्रपट किमान दहा वर्षांपूर्वीचा असावा आणि त्याला सांस्कृतिक, ऐतिहासिक वा सौंदर्यदृष्ट्या महत्त्व असावे, एवढीच अट. नावे सुचविण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही दिला गेला. ही 'सर्वोत्तम' चित्रपटांची यादी नव्हे, हे विसरू नये. फ्रेड ऑटची ती शिंकसुद्धा २०१५ साली तिच्यात आली. राष्ट्राने जपावे असे काय आहे, एवढेच ही नोंदवही सांगते.

नोंदवहीतील चित्रपट जपायला जागाही तशीच लाभली. अणुयुद्धाच्या काळात रोकड सुरक्षित राहावी म्हणून व्हर्जिनियातील कल्पेपर येथे डोंगरात एक तळघर खोदले होते. २००७ सालापासून तेथे ग्रंथालयाचा चित्रपट व ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. २०१८ साली ग्रंथालयाने संग्रहातील शेकडो चित्रपट इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. शिफारस करणाऱ्याने वस्तूही हाती दिली, हे येथे विशेष होय.

दुसरी यादी व्हॅटिकनची. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत, १९९५ साली, समाजसंपर्क साधनांच्या परमधर्मपीठीय मंडळाने ४५ चित्रपटांची नावे प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग. प्रत्येकात पंधरा चित्रपट. ज्या रोस्सेलिनीच्या चित्रपटाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये निदर्शने झाली, त्याचे 'रोम, ओपन सिटी' आणि संत फ्रान्सिसवरील चित्रपट हे दोन्ही या यादीत आहेत. पिएर पाओलो पाझोलिनी हा साम्यवादी आणि स्वतःला अश्रद्ध म्हणविणारा दिग्दर्शक. पोप तेविसावे जॉन १९६२ साली असिसीला आले, तेव्हा गर्दीमुळे तो आपल्या खोलीत अडकून पडला, आणि उशाशी असलेले शुभवर्तमान त्याने एका बैठकीत वाचून काढले. त्यातून १९६४ चा संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपट जन्मला. तो त्याने त्याच पोप महोदयांच्या स्मृतीस अर्पण केला. व्हॅटिकनच्या यादीत त्यालाही मानाचे स्थान आहे. अवघ्या साठ वर्षांत 'पाहू नका'पासून 'हे पाहा'पर्यंतचा हा प्रवास झाला.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक मौज दिसते. वॉशिंग्टनच्या पहिल्या वर्षीच्या २५ चित्रपटांपैकी पाच व्हॅटिकनच्या ४५ मध्येही आहेत : 'इंटॉलरन्स', 'मॉडर्न टाइम्स', 'द विझर्ड ऑफ ओझ', 'सिटिझन केन' आणि 'ऑन द वॉटरफ्रंट'. ऐहिक सत्तेचे ग्रंथालय आणि ख्रिस्तसभेचे मंडळ यांची निवड येथे जुळली.

परंतु उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. व्हॅटिकनच्या यादीत 'गांधी' आहे, पण त्याचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो इंग्रज होते. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट तीत नाही. सत्यजित राय नाहीत, मग प्रभातची काय कथा! दुसऱ्याने केलेली यादी कितीही सद्भावनेची असली, तरी आपल्या अंगणातले झाड तिच्यात येईलच असे नाही. ते आपणच दाखवावे लागते.

पुण्याचे भांडार

आपल्या अंगणातली झाडे जपण्याचे काम पुण्यात झाले. फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथे स्थापन झाले. पुढल्या वर्षी पी. के. नायर तेथे रुजू झाले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट जमविले. गोदामे, माळे, बंद पडलेली चित्रपटगृहे अशा ठिकाणी ते फिती शोधीत हिंडत. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची दोन रिळे आज पाहता येतात. ती १९१३ ची की १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, असा वाद अभ्यासकांत आहे. परंतु नायरांसारखा माणूस नसता तर वाद घालायलाही काही उरले नसते. नायरांचा भर नुसत्या साठवणीवर नव्हता. संग्रहालयाच्या वितरण विभागातून देशभरच्या फिल्म सोसायट्यांना चित्रपट पाठविले जात, आणि पडद्यावर एरवी कधी न आलेली नावे गावोगावच्या प्रेक्षकांना दिसत. २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या फितींच्या कोठारास आग लागून प्रभातच्या मूळ फितींसह पुष्कळ काही जळाले. बहुतेकांच्या प्रती आधीच काढलेल्या होत्या, एवढाच दिलासा. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

ग्रंथालयाने चित्रपट दाखविण्याची प्रथाही आपल्याला अपरिचित नाही. युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली सुरू झालेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांबरोबर चित्रपटांचे खेळही होत असत.

कोणते पाहावे?

इतका इतिहास सांगून मास्तरांप्रमाणे चार नावे हाती न देणे बरे दिसणार नाही. ही माझी निवड आहे. मतभेदाला जागा आहे.

पहिले नाव 'बायसिकल थीव्हज', व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ चा इटालियन चित्रपट. युद्धोत्तर रोममधील बेकार माणसाला पोस्टर चिकटविण्याचे काम मिळते, पण सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडविते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि लहानगा मुलगा शहरभर तिला शोधीत फिरतात. किरकोळ आक्षेपांवरून अमेरिकेतील चित्रपट-संहितेच्या कार्यालयाने याला मान्यता नाकारली होती; व्हॅटिकनने तो 'मूल्ये' या विभागात घेतला. १९५० साली सत्यजित राय यांनी तो लंडनला पाहिला आणि आपणही असा चित्रपट काढायचा, हा त्यांचा निश्चय पक्का झाला. त्यातून १९५५ चा 'पथेर पांचाली' आला. बापाची अब्रू मुलाच्या डोळ्यांदेखत जाते, तेव्हा मुलगा काय करतो, हे सहकुटुंब पाहावे.

दुसरे 'बॅबेट्स फीस्ट', १९८७ चा डॅनिश चित्रपट. कर्मठ प्रोटेस्टंट खेड्यात आश्रयाला आलेली एक फ्रेंच कॅथलिक स्वयंपाकीण सोडतीत मिळालेले दहा हजार फ्रँक एका मेजवानीवर खर्च करून टाकते. एकमेकांशी अबोला धरलेले म्हातारे त्या पंगतीत पुन्हा बोलू लागतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील आपल्या प्रबोधनपत्रात या चित्रपटाचा उल्लेख केला. ज्यांच्या घरी सणाला चुलीशी राबणारी आई किंवा आजी आहे, त्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरे 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४). गोदीतील गुंडगिरीविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य एका सामान्य कामगाराला कसे येते, त्याची ही कथा. त्यातील धर्मगुरूचे पात्र न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांत वावरणाऱ्या फादर जॉन कॉरिडन या येशूसंघीयांवरून घेतले आहे.

चौथे नाव आपले, 'संत तुकाराम'. दामले व फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ साली काढलेल्या या चित्रपटाची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांत गणना झाली. त्यातली जिजाई मला तुकोबांइतकीच मोठी वाटते. देव्हाऱ्यातल्या देवापुढे मुलांच्या भुकेचा हिशेब मांडणारी ती बाई श्रद्धेला जमिनीवर आणते. आणि ज्यांच्या घरी मुले आहेत, त्यांनी आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) जोडीला घ्यावा. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले होते.

एका शिफारशीचे फळ

शेवटी पुन्हा फाळक्यांकडे येतो. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंसमोर कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिले. घरी परतून ते स्वस्थ बसले नाहीत; पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहून आले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला आणि या देशाच्या चित्रपटाचा पाया घातला गेला. व्हॅटिकनच्या यादीतील सर्वांत जुना चित्रपटही असाच एक मूक ख्रिस्तचरित्रपट आहे, फ्रान्सच्या पाथे कंपनीचा.

फाळक्यांना त्या दिवशी 'पाहू नका' म्हणणारा कोणी भेटला असता आणि त्यांनी ते मानले असते, तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. एका धर्माच्या कथेने दुसऱ्या धर्माच्या कथांना पडद्यावर यायची वाट दाखविली. कारण पाहणाऱ्याने मोकळ्या मनाने पाहिले, घरी नेले, आणि घरच्या माणसाला सोबत घेऊन पुन्हा पाहिले.

आज आपल्या घरात प्रत्येकाच्या हाती मोबाइलचा पडदा आहे. मुलांना 'नको' म्हणण्याचा काळ सरला. ते त्यांच्या कानापर्यंत पोहोचतही नाही. 'हे पाहू, चल, मीही बसतो' असे म्हणण्याचा काळ मात्र अजून सरलेला नाही. धर्मग्रामाच्या वाचनालयात पुस्तकांच्या फडताळाशेजारी एक वही ठेवावी. ज्याने जो चांगला चित्रपट पाहिला, त्याने त्याचे नाव आणि तो का पाहावा याची चार वाक्ये तीत लिहावीत. महिन्यातून एकदा सभागृहात त्यातला एक सर्वांनी मिळून पाहावा आणि चहा होईपर्यंत त्यावर बोलावे. वॉशिंग्टन आणि व्हॅटिकन यांच्या याद्यांनंतरची ही तिसरी यादी फार मोठी नसेल. परंतु तीत आपल्या अंगणातली झाडे असतील, आणि खाली आपल्या ओळखीच्या माणसांची अक्षरे असतील.

मास्तर आता नाहीत. आवडले नाही तर का ते सांगावे लागेल, ही त्यांची अट मात्र त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.